दोन ठोक्यांमधली कुजबुज

“बाई, माझं जे काढनार, ते डब्यातनं न्हेनार का हातातनं?”

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी ट्रॉलीवर उताणा पडलेला हणमंत ढाणे मला विचारत होता. डोक्याला हिरवी टोपी, अंगात नाड्यांचा झगा, चेहरा घाबरलेला, पण चौकशी चालूच. कराडकडच्या एका दूध संघाचा टँकर चालवायचा तो. माल कुठून कुठे आणि कशातून जाणार हे विचारल्याशिवाय गाडी हलवायची नाही, ही सवय अंगात मुरलेली असणार.

“वाडग्यातून,” मी म्हणाले. “बर्फात ठेवून. या खोलीतून शेजारच्या खोलीत.”

“म्हंजे लांब न्हाई. आनि तिकडं न्हेऊन जोडनार कोन? तुमी?”

मी फक्त एका धमनीपुरती होते, आणि तीही बांदेकर सर जोडणार होते, मी मदतीला. पण एवढं समजावून सांगायचं त्राण नव्हतं. मी नुसतं “हो” म्हणाले.

“मग नीट जोडा तेवढं. पुन्यांदा द्यायला माझ्याकडं न्हाई.”

ट्रॉली आत गेली. दाराबाहेर त्याची आई, यमुनाबाई, पदर तोंडाशी धरून उभी होती. रडत नव्हती, रागावलेली होती. तिचा राग सगळ्या वॉर्डाला पाठ झाला होता. बाईमाणसासाठी गड्याचं पोट कुणी फाडतं का, असं तिने प्रत्येक डॉक्टरला विचारून झालं होतं. तिचं चुकत होतं असंही म्हणवत नाही. आमच्याकडे यकृत बहुतेक वेळा बायकाच द्यायच्या आणि पुरुष घ्यायचे. संसारात बाकी काय चालतं, त्याला धरूनच ते. नवऱ्याने बायकोला अर्धं यकृत द्यावं हा प्रकार मी तोवर पाहिलाच नव्हता. वैजयंता, त्याची बायको, पिवळीधमक होऊन आत आधीच भुलीखाली गेली होती. तिच्या यकृतात आता राम उरला नव्हता. हे नवं लागलं नाही तर दुसरं मिळेपर्यंत ती टिकणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

बारीक धमन्या जोडणं हे माझं काम, पण मी त्या दिवशी तिथे असायलाच नको होते. आदल्या दिवशी एका कारखान्यातल्या मुलीची तीन बोटं जोडण्यात माझा दिवस आणि रात्र गेली होती आणि सकाळी ती बोटं काळी पडलेली पाहून मी घरी निघाले होते. जिन्यावर असतानाच सरांचा फोन आला. त्या आठवड्यात धमन्यांची पाळी माझ्या सहकाऱ्याची होती. मी तसं म्हटलंही. सर म्हणाले, “मला ठाऊक आहे पाळी कोणाची आहे. तू ये.” सरांचा शब्द मोडायची पद्धत आमच्यात नव्हती. मी जिना परत चढले. कोल्हापूरची एक मैत्रीण बरेच दिवस तिच्या दवाखान्यात बोलवत होती, टकलांवर केस लावायला. जिना चढताना मला ते टक्कल फार आकर्षक वाटायला लागलं होतं.

डॉ. बांदेकरांविषयी थोडं सांगायला हवं. यकृताचं काम आमच्या इस्पितळात त्यांनी उभं केलं. माझ्या पिढीतल्या निम्म्याजणांना त्यांनी हातात सुई धरायला शिकवलं, आणि धरता आली नाही की चार लोकांत अब्रू काढायचंही त्यांनी बाकी ठेवलं नाही. मला ते सगळ्यांत जास्त बोलायचे, कारण मी उलट बोलायचे.

त्यांच्या थिएटरचा एक रिवाज होता. यकृताला रक्त दोन वाटांनी जातं. एक मोठी शीर असते. तिचं रक्त सोडलं की नवं यकृत लगेच गुलाबी होतं, आणि बघणाऱ्याला वाटतं, झालं काम. पण ते खरं नाही. दुसरी वाट धमनीची, उकडलेल्या शेवईएवढी. तिच्यावर पित्ताच्या नळ्या जगतात. ती चालली नाही तर यकृत वरून गुलाबी दिसत राहतं आणि आतून कुजत जातं. डोळ्यांनी लवकर कळत नाही, म्हणून ऐकायचं. डॉपलर नावाची पेनएवढी कांडी धमनीवर टेकवली की तिच्या स्पीकरमधून रक्ताचा आवाज येतो. त्या वेळी सगळ्यांनी गप्प बसायचं. भूल देणारे डॉ. नाडकर्णी मॉनिटरची टिकटिकसुद्धा बारीक करायचे. मग सर म्हणायचे, “वाजलं.” तो शब्द फक्त त्यांचा. धमनी कोणीही जोडलेली असो, शब्द सरांचा. तो आला की नाडकर्णी बाहेर नातेवाइकांना फोन करायचे आणि शालिनी सिस्टर चहा सांगायच्या.

नुसतं वाजून भागत नाही, हेही सरांनीच शिकवलं होतं. “पोटातल्या इतर धमन्या ठोका देतात आणि गप्प बसतात,” ते म्हणायचे. “यकृताची कधी पुरती गप्प बसत नाही. दोन ठोक्यांच्या मध्येही तिची कुजबुज चालू असते. ती कुजबुज ऐका. ठोका काय, कोणाचाही ऐकू येईल.”

दुपारी हणमंतचं यकृत बर्फाच्या वाडग्यातून आलं. सरांनी ते बसवलं, मोठी शीर जोडली, रक्त सोडलं. तपकिरी, मलूल गोळा डोळ्यांदेखत उजळला. मग सूक्ष्मदर्शक टेबलावर ओढला गेला आणि सर धमनीला बसले. मी समोर. त्यांचा हात अजूनही देखणा चालायचा. केसाहून बारीक दोरा, पापणीएवढी सुई, आणि एक टाका दुसऱ्यासारखाच. मी गाठी मारत होते आणि मध्येच डोळे मिटत होते. उभ्याने झोपता येतं हे सर्जनला कोणी शिकवावं लागत नाही.

चिमटे सुटले. नाडकर्णींनी मॉनिटर बारीक केला. सरांनी कांडी टेकवली.

ठप्. ठप्. ठप्.

आवाज खणखणीत होता. मी मधल्या जागेकडे कान लावला आणि तिथे मला काही सापडलं नाही. वाटलं, माझेच कान झोपलेत. सरांनी टेबलाभोवती एकदा नजर फिरवली. नाडकर्णींनी मान हलवली. सर म्हणाले, “वाजलं.”

खोलीने श्वास सोडला. नाडकर्णी फोनकडे वळले, शालिनी सिस्टरनी चहा सांगितला, कोणीतरी घड्याळाकडे पाहून बसच्या वेळेचं काहीतरी बोललं. सर पित्ताच्या नळीकडे वळले. शेवटचं काम ते, नळीला नळी जोडायची. सरांनी नळीचं तोंड ताजं कापून घेतलं.

त्या तोंडाला रक्त आलं नाही.

धमनी नीट चालत असेल तर तिथे लालभडक थेंब यायला हवा. मी कापसाने टिपून पाहिलं. कोरडं, फिकट, धुतलेल्या पडवळाच्या काठासारखं. झोप गेली.

“सर, नळीला रक्त नाही.”

“गारठ्याने आकसली असेल. येईल.”

मी थांबले. आलं नाही. मी परत म्हटलं. नाडकर्णी फोन ठेवून आले होते. बाहेर कळवून झालंय, म्हणाले, म्हातारी देवाला हात जोडतेय म्हणे. शालिनी सिस्टर माझ्याकडे अशा बघत होत्या, की बाई, आता पुरे. सरांनी वाजलं म्हटल्यावर कोणी ब्र काढत नसे. मला तरी कुठे काढायचा होता? घरी जाऊन पालथी पडायचं होतं. पण ते कोरडं तोंड माझ्यासमोर होतं आणि शेजारच्या खोलीत एका माणसाचं पोट शिवून झालं होतं.

“मला एकदा शेजारची धमनी दाबून बघू द्या,” मी म्हटलं. शेजारची, म्हणजे जठराकडे जाणारी. ती तिथून बोटभरावर असते.

“कशाला?” सर म्हणाले.

“आवाज तिचा असेल तर थांबेल.”

सर माझ्याकडे बघत राहिले. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. ते म्हणाले, “बघ.”

मी कांडी त्याच जागी टेकवली. ठप्, ठप्. दुसऱ्या हाताने शेजारची धमनी अलगद चिमट्यात धरली. स्पीकर गप्प झाला. चिमटा सोडला, ठप्, ठप्. धरला, गप्प.

म्हणजे एवढा वेळ आम्ही शेजारणीचा आवाज ऐकत होतो. हणमंतने दिलेल्या यकृतात धमनीचं थेंबभरही रक्त जात नव्हतं.

बाहेर आनंदाची बातमी जाऊन पोचली होती आणि आत वैजयंता मरायला लागली होती, हे प्रत्येकाला एकदमच कळलं. “उघड,” सर म्हणाले. मी टाके कापले. आत काळपट गुठळी होती आणि वैजयंताच्या धमनीचा आतला पापुद्रा वरपर्यंत सुटून आला होता, जुन्या भिंतीचा गिलावा सुटावा तसा. सरांचे टाके सरळच होते. धमनीच सडकी निघाली होती. टाक्यांत दोष नव्हता. दोष ऐकण्यात होता.

“ही उपयोगाची नाही,” मी म्हटलं. “जठराच्या काठाची दुसरी धमनी सोडवून वर आणावी लागेल.”

“आण,” सर म्हणाले, आणि सूक्ष्मदर्शकासमोरची आपली बाजू सोडून माझ्या बाजूला आले. “जागा बदलू. तू कर, मी धरतो.”

मला वाटतं त्या दिवसात सर्वांत जड गेलं ते हे. मला त्यांची जागा नको होती. मला झोप हवी होती. मी म्हटलं, सर, तुम्हीच करा. त्यांनी चिमटा हातात घेतला आणि शिकाऊ डॉक्टर उभा राहतो तसे उभे राहिले.

मग मी जठराच्या काठाची धमनी सोडवली, एक एक फांदी बांधत, वर वळवून आणली. पीळ बसू द्यायचा नाही, ताण पडू द्यायचा नाही, आणि घाई तर करायचीच नाही, जरी धमनीविना यकृत फार वेळ तग धरत नसलं तरी. घाईने केलेलं परत उसवायला आता धमनी उरली नसती. सकाळची ती तीन काळी बोटं सारखी डोळ्यांसमोर यायची. त्या मुलीचंही मी असंच जोडलं होतं, मन लावून, आणि गेलं होतं. मानेतून कळ निघत होती. एका टाक्याला माझा हात थरथरला. सरांनी त्यांचं मनगट माझ्या मनगटाखाली सरकवलं आणि टाका पडेपर्यंत तसंच ठेवलं. विद्यार्थी असताना याच माणसाने थरथरणाऱ्या हातावर चिमटा आपटला होता.

चहा आला होता तसाच गार होऊन परत गेला. बाहेरून दोनदा निरोप आला, की घरचे विचारतायत, रक्त सुरू झालं म्हणालात मग एवढा वेळ का? नाडकर्णी म्हणाले, सांगा, काम चालू आहे.

शेवटी चिमटे सुटले. नळीच्या तोंडाकडे बघायचा मला धीर होईना. नाडकर्णींनी परत मॉनिटर बारीक केला. मी कांडी उचलून सरांपुढे धरली. त्यांनी ती घेतली आणि नव्या धमनीवर टेकवली.

आवाज आला. श्शूऽ, श्शूऽ, आणि मध्ये ती, अखंड, सायीखाली दूध हलावं तशी. कुजबुज. शंकाच नव्हती. खोलीतल्या सगळ्यांचे खांदे खाली आले. मला रडू आलं, ते मास्कमध्ये मुरलं. आता सर शब्द उच्चारतील आणि मी घरी जाईन, म्हणून मी वाट पाहत राहिले.

शब्द आला नाही. सर कांडी टेकवून उभे होते. आवाज चालू होता, सगळ्यांना ऐकू येत होता, आणि त्यांची नजर टेबलाभोवती फिरायला लागली. नाडकर्णींकडे गेली, तर नाडकर्णींनी मान खाली घातली. शालिनी सिस्टरकडे गेली, त्या गॉज मोजू लागल्या. मग ती माझ्यावर येऊन थांबली.

सरांना ती कुजबुज ऐकू येत नव्हती.

ठोके येत असावेत. मधलं काही येत नव्हतं. ते आमच्या तोंडाकडे बघून शब्द देत होते, आणि मला कळलं की हे आजचं नाही.

मी जरा मान हलवली असती तरी पुरलं असतं. इतकीशी. ते “वाजलं” म्हणाले असते, झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली असती, आणि कोणाचं काही बिघडलं नसतं. वैजयंताची धमनी तर वाजतच होती. त्या माणसावर माझं प्रेम होतं, हे मी तोवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं. त्यांची मान माझ्या हातून खाली जावी असं मला मुळीच वाटत नव्हतं. पण हे टेबल उद्या परत भरणार होतं. परवाही. दुसरी कोणी वैजयंता, दुसरी शेजारीण, आणि माना हलवणारे आम्हीच.

मी मान हलवली नाही. मोठ्याने म्हणाले, “वाजलं.”

त्या खोलीत हा शब्द दुसऱ्या कोणाच्या तोंडून कधी निघाला नव्हता. सरांनी कांडी माझ्या हातात दिली, क्षणभर माझ्या बोटांवर हात ठेवला, आणि म्हणाले, “नळी तू जोड.” हातमोजे काढले आणि बाहेर गेले. नळीच्या तोंडाशी लाल थेंब धरला होता. मी तो टिपला. परत आला.

बाहेर काय झालं ते मला नंतर वॉर्डातल्या आयाबाईने सांगितलं. सरांनी कोणाला निरोप द्यायला लावला नाही. यमुनाबाईंसमोर स्वतः जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, आधी सांगितलेलं चुकीचं होतं, चूक माझी, आता झालंय. म्हातारी आधी म्हणाली, “मग माझ्या लेकराचं वाया न्हाई ना गेलं?” सर म्हणाले, नाही. तिने तोंडावरचा पदर काढला. मग विचारलं, “आनि ती कशी हाय?” तिने सुनेची चौकशी केलेली वॉर्डाने तेवढी एकदाच ऐकली.

वैजयंता वाचली. इतक्या वर्षांनी हे सांगायला हरकत नाही. ती आणि हणमंत अजून तपासणीला येतात, सोबत कॅनभर दूध आणतात, आणि कोणाच्या पोटावरची शिवण जास्त वाकडी यावरून भांडतात. मी कोल्हापूरला गेले नाही. पण मी सांगत होते ती संध्याकाळ अजून संपलेली नाही.

कपडे बदलून मी बाहेर आले तेव्हा सर थिएटरच्या कपाटांपाशी बाकावर बसले होते. खिडकीतून अजून थोडं ऊन येत होतं. मला सरळ निघून जाता आलं असतं. मी बाकावर जाऊन बसले, त्यांच्या उजव्या बाजूला. त्यांनी मान वळवून डाव्या बाजूला बस म्हटलं. मी उठून डाव्या बाजूला बसले.

मग मीच म्हटलं, “सर, आधी सांगायला हवं होतंत.”

“हो.”

“ती मेली असती.”

“हो,” ते म्हणाले. “रोज ठरवायचो, आज सांगू. जीभ रेटत नव्हती.”

मला फार रागवायचं होतं. त्या रागावर माझा हक्क होता. पण दिवसभरात जे काही अंगात होतं ते सगळं त्या शेवईएवढ्या धमनीत खर्च झालं होतं. मी भिंतीला डोकं टेकलं आणि विचारलं, की आज माझी पाळी नसताना मला का बोलावलंत.

“वर्षभर मी त्या टेबलाभोवती बघतोय, उर्मिला,” सर म्हणाले. “वर्षभर सगळ्यांनी माना हलवल्या. प्रेमाने हलवल्या, भीतीने हलवल्या, मला कळत होतं. खरं ऐकून कोण हलवतंय ते मात्र कळेनासं झालं.” त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले, डोळे कोरडेच होते. “मला थांबवणारं कोणीतरी हवं होतं. तुझ्याशिवाय नाव सुचलं नाही.”